अकरा नंबरचा गज

मास्तरांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम पांढरी असायची. साबणाने घासली तरी नखांच्या कडेला पांढुरकी रेघ राहायचीच. ती राळ होती. व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. त्या केसांना राळ घासल्याशिवाय ते तारेला धरत नाहीत, नुसते वरून घसरतात. ओल्या काड्यापेटीवर काडी ओढावी तसं. हात चालतो, पण पेटत काही नाही.

"तुम्ही कडीला हात लावला की कडी चिकटते," मास्तरांची बायको म्हणायची. "आपल्याकडे चोर शिरला तर दारातच सापडेल बिचारा."

मास्तर हसायचे आणि हात खिशात घालायचे. बोलण्यापेक्षा हात खिशात घालणं त्यांना आयुष्यभर सोपं गेलं होतं.

बावीस वर्षं ते थिएटरातल्या वाद्यवृंदात तिसऱ्या रांगेत बसत. तिसरी रांग म्हणजे ज्यांच्यावर दिव्याचा उजेड पडत नाही अशी माणसं. थिएटर बंद पडलं, तिथे फर्निचरचं दुकान झालं, आणि मास्तर एका शाळेत मंगळवार-शुक्रवार मुलांना व्हायोलिन शिकवू लागले. शाळा गरिबांची. तिथे व्हायोलिन येण्याचं कारण एक म्हातारी. रंगाच्या कारखानदाराची ही विधवा. तिला लहानपणी वाजवायला शिकायचं होतं, ते राहून गेलं. नवऱ्याच्या माघारी तिने एक संस्था काढली आणि सहा शाळांना प्रत्येकी सोळा व्हायोलिनं दिली. नियम तीनच. फी नाही. वाद्य शाळेच्या बाहेर न्यायचं नाही. आणि जे मूल आलं त्याला काढायचं नाही. सगळ्यांनी मिळून शिकायचं आणि मिळून वाजवायचं. सोळा म्हणजे सोळा.

व्हायोलिनांच्या पाठीवर तांबड्या रंगाने नंबर घातलेले होते. मास्तरांच्या लक्षात नावं राहत नसत, नंबर राहत. मग मुलंही एकमेकांना नंबरानेच हाक मारू लागली. "ए चार, सरक ना तिकडे." "सर, नऊ ढकलतोय." बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला तुरुंगात आल्यासारखं वाटलं असतं, पण मुलांना त्यात मोठेपणा वाटायचा. वर्गात नाव सगळ्यांनाच असतं, नंबर सोळाच जणांना होता.

पहिल्या वर्षी मास्तरांनी प्रत्येक मुलाला राळेची एकेक वडी दिली होती. दोघांनी फोडली, एकाने गोळी समजून चावली आणि दिवसभर त्याचे दात एकमेकांना चिकटले. तेव्हापासून मास्तर तासाच्या आधी अर्धा तास यायचे, चित्रकलेच्या खोलीतलं कपाट उघडायचे आणि सोळाही गजांना स्वतः राळ लावून ठेवायचे. त्यांचा आणखी एक शिरस्ता होता, थिएटरातून आणलेला. त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणी तारेला हात लावायचा नाही. सगळ्यांनी एकदम उचलायचं, एकदम वाजवायचं, एकदम खाली ठेवायचं.

अकरा नंबर ही कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची मुलगी. दहा वर्षांची, उंचीने ठेंगणी, हाताने भक्कम. आईबरोबर कपड्यांची गाठोडी उचलून उचलून तिचा दंड असा झाला होता की गज धरला की व्हायोलिनच दबून जायचं. सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या शेवटी जायची. हनुवटी टेकून डोळे मिटले की तिला जगाचं भान नसे. आणि तिला सूर अजिबात नव्हता. वर चढायचं तिथे ती खाली यायची, खाली यायचं तिथे मध्येच कुठेतरी अडायची, आणि हे सगळं त्या दणकट हाताने. पंधरा मुलं वाजवत असली तरी तिची करवत त्यातून आरपार जायची.

"सर, आज माझा आवाज कसा आला?" ती रोज विचारायची.

"येईल, येईल," मास्तर म्हणायचे.

म्हातारी वर्षातून एकदा मुलांचं ऐकायला यायची. अकरा नंबरच्या पहिल्याच वर्षी ती येणार त्याच्या आधल्या आठवड्यात दोन गज केस बदलायला गेले होते. ते ऐन त्या दिवशी सकाळी परत आले. नव्या केसांना राळ पकडायला वेळ लागतो, दहा-पंधरा मिनिटं नेटाने घासावी लागते. मास्तरांनी एक गज केला. दुसरा, अकरा नंबरचा, करायला घेतला तोवर शिपाई धावत आला, "मास्तर, गाडी आली!" गज तसाच कोरडा तिच्या हातात गेला.

त्या दिवशी मुलांनी जे वाजवलं ते ऐकून मास्तरांच्या अंगावर काटा आला. सूर कसा स्वच्छ, एका धाग्यात ओवल्यासारखा. म्हातारी रडली. ती कशालाही रडायची, तिला ऐकूही कमीच येत होतं. पण मुख्याध्यापिका बाईंचे कान चांगले होते आणि त्यांचेही डोळे ओले झाले. म्हातारीने काठी टेकत रांगेतून फेरी मारली आणि अकरा नंबरपाशी थांबली.

"अगं, तुझं वाद्य किती स्वच्छ! बाकीच्यांच्या तारांखाली बघा कसा पांढरा भुगा सांडलाय. हिला बघा."

अकरा नंबर लाजली आणि मास्तरांकडे बघून हसली. भुगा नव्हता, कारण राळच नव्हती.

तास संपल्यावर ती आली. "सर, आज माझा आवाज कसा आला? मला तर एवढा छान ऐकू आला!"

"छान," मास्तर म्हणाले.

पुढच्या मंगळवारी त्यांनी सोळा गज काढले, पंधरांना राळ लावली आणि सोळाव्यावर हात थांबला. आज राहू दे, पुढच्या वेळी लावू. पुढच्या वेळीही ते हेच म्हणाले.

यामागे त्यांच्या मनात एक जुनी गोष्ट होती, ती त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती. एकोणीस वर्षांचे असताना, थिएटरातल्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या आधी, वाद्यवृंदाच्या प्रमुखाने सगळ्यांदेखत बोट दाखवून म्हटलं होतं, "तिसऱ्या रांगेतला तो लांबडा! आज गज हलव, पण तारेला लावू नकोस." चाळीस माणसांनी ऐकलं. एक जण फस्सकन हसला. मास्तरांनी दोन तास हवेत गज हलवला. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्या दिवशी रजा काढून वरच्या गॅलरीत येऊन बसले होते. कार्यक्रम झाल्यावर वडील म्हणाले, "चाळीस जणांत तुझा आवाज मी बरोबर ओळखला हं!" मास्तरांनी मान हलवली. वडील वारेपर्यंत खरं सांगितलं नाही.

काही झालं तरी आपण कुठल्या पोराला तसं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि खरोखरच बोलले नाहीत.

दोन वर्षं असं चाललं. वाद्य घरी न्यायचं नाही, मान हलल्याशिवाय वाजवायचं नाही, एकट्याने तर कधीच नाही. अकरा नंबरला स्वतःचा आवाज ऐकू येण्याची सोयच नव्हती. दोन्ही बाजूंना वाजवणारी मुलं दांडगी होती, त्यांचा आवाज तिच्या हनुवटीखाली घुमायचा आणि तिला तो आपला वाटायचा. त्यांच्याकडे बघून बघून तिचा हात मात्र सुधारला. गज सरळ जाऊ लागला, मनगट सैल झालं. लांबून बघणाऱ्याला सगळ्यांत चांगलं तीच वाजवते असं वाटायचं. वाद्य तर तिचं आरशासारखं. मास्तरच मुलांना म्हणून गेले होते, "अकराकडे बघा, कसं ठेवते!"

"सांगितलंत का त्या पोरीला?" बायको विचारायची. ती भाजी निवडताना असे प्रश्न विचारायची, मान वर न करता.

"ऐकायला येतात तो दिवस होऊन जाऊ दे."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

"आता सांगितलं तर ती सोडून देईल."

"आणि नाही सांगितलं तर काय कमावेल? हात फिरवायला तर ती इस्त्रीवरही शिकतेय." मग दुसरी जुडी ओढत, "झाकली मूठ कधीतरी उघडतेच हो. तुमची चिकट आहे, म्हणून राहिली इतके दिवस."

त्या वर्षी म्हातारी अंथरुणाला खिळली आणि संस्था तिच्या पुतण्यांकडे गेली. सहा शाळा परवडत नाहीत, तीनच ठेवायच्या, असं पत्र आलं. मुख्याध्यापिका बाईंनी मास्तरांना खोलीत बोलावून ते वाचून दाखवलं.

"या वेळी म्हातारीबाई नाहीत, नव्या मॅडम येणार आहेत. त्या रडणाऱ्यातल्या नाहीत म्हणे. मास्तर, नीट वाजलं नाही तर कपाट रिकामं करून नेतील."

"वाजेल नीट."

"तुमचा तो वर्ग आहे म्हणून दोन पोरं तरी शाळेत टिकलीत. एवढं लक्षात असू द्या."

मास्तरांच्या लक्षात दुसरंही होतं. वर्ग गेला तर मंगळवार आणि शुक्रवार हे दोन वार त्यांच्या आठवड्यातून जाणार होते, आणि बाकीचे पाच तसेही रिकामेच होते.

मॅडम येणार त्या दिवशी त्यांनी थिएटरातला ठेवणीतला कोट घातला आणि तासभर आधी जाऊन बसले. पंधरा गजांना राळ लावली. सोळावा हातात घेऊन बराच वेळ बसले. केस अजून नव्यासारखे पिवळसर, चकचकीत होते. मग त्यांनी तो अकरा नंबरच्या पेटीत ठेवून दिला आणि राळेची वडी कोटाच्या खिशात टाकली.

नव्या मॅडम तिशीच्या होत्या. साधा वेष, हातात वही, चपला दाराबाहेर काढून आत आल्या. मुलांनी दोन रचना वाजवल्या, अगदी नीट वाजवल्या. मुख्याध्यापिका बाईंनी मास्तरांकडे बघून डोळ्यांनीच शाबासकी दिली.

मॅडमनी वही मिटली. "फार सुंदर! आता मला एकच करायचंय. सगळ्यांचं मिळून तर ऐकलं, कुणीतरी एकट्याने चार ओळी वाजवून दाखवाल? चुकलं तरी चालेल, परीक्षा नाही. ज्याला सगळ्यांत जास्त आवडतं त्याने उठायचं."

मुलांनी एकमेकांकडे बघायचीही गरज नव्हती. "अकरा! अकरा!" सगळी ओरडली. "मॅडम, अकरा वेडी आहे व्हायोलिनची!"

अकरा नंबर उभी राहिली. कानापर्यंत लाल झाली होती, पण उभी राहिली. फ्रॉकला कडक इस्त्री होती, आईने केलेली.

मास्तर पुढे झाले. "थांब, तुझा गज बघू जरा—"

"नको सर, चांगला आहे," ती म्हणाली. तिला वाटलं सर आपल्यासाठीच घाबरलेत. हळूच म्हणाली, "मी नाही चुकणार."

मास्तरांच्या खिशात राळ होती. लावली तर दोन वर्षं झाकलेली करवत सगळ्यांसमोर बाहेर येणार होती, आणि एकटीची अशी ती तिनेही पहिल्यांदाच ऐकली असती. नाही लावली तर काहीच येणार नव्हतं. नवे केस आहेत, आता घासून पकडणार नाहीत, असं त्यांनी नंतर मनाला पुष्कळदा सांगितलं. पण त्या घटकेला त्यांनी काहीच ठरवलं नाही. हात खिशात गेला, वडीला लागला आणि तिथेच राहिला.

तिने डोळे मिटले, गज ठेवला आणि ओढला.

कागदावरून बाही फिरावी एवढाच आवाज आला. तिने डोळे उघडले. परत ओढला, दाबून ओढला. आवाज कागदाचाच. मागच्या रांगेत एक जण खुदकन हसला, त्याला वाटलं ही गंमत करतेय. मग सगळेच हसू लागले. ती तिसऱ्यांदा वाजवायला गेली आणि मध्येच थांबली.

पोर बुद्धीने मंद नव्हती. तिने गजाच्या केसांवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग शेजारच्या दहा नंबरच्या व्हायोलिनकडे पाहिलं. तिथे तारांखाली पांढरा भुगा होता, रोज असायचा. आपल्या व्हायोलिनकडे पाहिलं. ते स्वच्छ होतं. दोन वर्षं स्वच्छ होतं. मग तिने मास्तरांकडे पाहिलं, त्यांच्या तोंडाकडे नाही, खिशात घातलेल्या हाताकडे.

ती खाली बसली आणि व्हायोलिन पेटीत ठेवलं. मास्तरांनी मान हलवायच्या आधी कुणी वाद्य ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत मॅडमनी तो गज टेबलावर ठेवला.

"गज जुना झाला असेल," बाई घाईने म्हणाल्या. "आम्ही कधीपासून दुरुस्तीला द्यायचा म्हणतोय."

"केस नवे आहेत. यांना राळच लागलेली नाही कधी." मॅडम मास्तरांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "किती दिवस?"

बाईंनी मास्तरांकडे डोळे वटारून पाहिलं. मास्तर म्हणाले, "दोन वर्षं."

"का?"

"ती फार बेसूर वाजवते. एकदा बोललं तर मोडून पडेल असं वाटलं. तिला वाईट वाटू नये म्हणून."

"तिला?" मॅडमनी विचारलं.

मास्तरांनी हात खिशात घातला.

संस्थेने त्या शाळेचा वर्ग ठेवला. पंधरा मुलं खरंच चांगली वाजवत होती. मास्तरांच्या जागी दुसरे नेमले. पुढच्या महिन्यात शाळेचा शिपाई रस्त्यात भेटला, त्याने बातमी दिली. नवे सर तरुण आहेत, मोटारसायकलवरून येतात, मुलांना स्वतःची राळ स्वतः लावायला शिकवतात.

"आणि अकरा नंबर?"

"ती इस्त्रीवाल्या बाईची? त्या दिवसापासून नाही आली. नव्या सरांनी दोनदा निरोप पाठवला. आता अकरा नंबरला दुसरा पोरगा बसवलाय. नियम आहे ना, सोळा म्हणजे सोळा."

मास्तरांनी बायकोला काही सांगितलं नाही, पण तिने विचारलंही नाही. फक्त पेटी खांद्याला लावून ते निघाले तेव्हा मागून म्हणाली, "या वेळी छान-बिन म्हणू नका."

लाँड्री म्हणजे जिन्याखालची खोली. एका भिंतीला फळीवर घड्या, मध्ये टेबल, दारात उघड्या गाठोड्यांचा ढीग. आई चादरी घडी घालत होती, मुलगी शर्टांवर पाणी शिंपडत होती.

"या ना सर!" आईने स्टूल पुसून पुढे केलं. "अहो, हिने सोडलंच की वाजवणं. मी म्हटलं, एवढं शिकलीस तर जा की गं. तर म्हणे मला कंटाळा आला. दोन वर्षं जेवतानासुद्धा टेबलावर बोटं नाचवायची, आणि एका दिवसात कंटाळा? तुम्हीच सांगा हिला."

मुलीने घरी काही सांगितलं नव्हतं. मास्तरांना आपले वडील आठवले. ते बसले नाहीत. पेटी टेबलाच्या कडेला ठेवून उघडली. त्यांचं स्वतःचं व्हायोलिन होतं ते, थिएटरातलं. गजाला राळ सकाळीच लावली होती, भरपूर.

"हा घे," ते म्हणाले.

मुलीने हात पुसले. गज घेतला, आधी केस बघितले. बोट लावलं, बोट पांढरं झालं. मग म्हणाली, "सर, मला जे ऐकू यायचं, ते कुणाचं होतं?"

"सगळ्यांचं."

"म्हणजे मी सोडून."

आई घडी घालता घालता थांबली. "काय म्हणतेय ही?"

मुलीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. ते तिला मोठं होत होतं. या वेळी डोळे मिटले नाहीत. चार ओळी वाजवल्या, जशा त्या दिवशी वाजवणार होती तशा. करवत निघाली. रस्त्यावरून जाणारा एक माणूस वळून बघू लागला. ती शेवटपर्यंत वाजवत राहिली, मान जरा तिरपी करून, दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं तशी.

"हा माझा?"

"हो."

"वाईट आहे."

'छान' मास्तरांच्या ओठावर आलं होतं, दोन वर्षांची सवय होती. "हो," ते म्हणाले. "वाईट आहे. पण हात तुझा फार चांगला आहे. कान तयार करता येतो. वेळ लागेल. मी रोज येईन, इथे येऊन शिकवीन."

तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, गज जागेवर अडकवला, झाकण लावलं. सगळं नीट, त्यांनीच शिकवलं होतं तसं.

"तेव्हा सांगायचं होतं सर," ती म्हणाली. "तेव्हा मी शिकले असते."

आईला नीट काही कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं, आणि मास्तर तर दारात आलेला मोठा माणूस. बोलायला काहीतरी हवं म्हणून ती म्हणाली, "सर, कोट किती चुरगळलाय तुमचा! काढा, दोन मिनिटांत करून देते. नाही म्हणायचं नाही." आणि कोट काढून घेऊन मुलीपुढे टाकला.

मास्तरांना सांगायचं होतं की बाहीवर राळ आहे, वर्षानुवर्षांची, बाहीत मुरलेली. तोवर इस्त्री फिरली होती. आधी वास आला, लाकूड जळाल्यासारखा. मग इस्त्री बाहीला चिकटली. मुलीने ती उचलली तेव्हा तळाला पिवळट डाग वितळून पसरला होता.

"अगं, बघ बघ, पुढचे शर्ट पांढरे आहेत!" आई ओरडली.

"बघतेय," मुलगी म्हणाली. इस्त्री आडवी धरून ती चिंधीने तळ पुसू लागली. घासत होती ती त्याच दणकट हाताने, खालून वर, खालून वर, मनगट सैल ठेवून. डाग जात नव्हता. मास्तर पेटी धरून उभे होते. पाच-सात मिनिटांनी तिने कोट त्यांच्या हातावर ठेवला.

"बाहीवर राहिला सर डाग," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढला.